नव्वद टक्के दार

सुतार आला होता दार दुरुस्त करायला, यात त्याचा काडीचाही गुन्हा नव्हता. त्या ऑफिसातल्या मीटिंगच्या खोलीचं दार फरशीला घासत होतं. खालची कड रंधायची, बिजागरी बदलायची, साहेबांची सही घ्यायची की मोकळं. शिवाय त्याला घाई होती. जगाला दारं बसवणाऱ्या या माणसाच्या घरच्या कपाटाचं दार आठ महिने भिंतीला टेकून उभं होतं, आणि सकाळीच बायकोनं बजावलं होतं, "शुक्रवारी आई येतेय. तोवर दार लागलं नाही, तर त्या कपाटात तुम्हीच झोपा!"

खोलीत दहा-बारा माणसं गोल करून उभी होती. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्यानं बोलायचं, ही तिथली रीत. दोन आठवड्यांच्या कामाला ते स्प्रिंट म्हणत, म्हणजे धाव. पण सुतारानं पाहिलं तेव्हा सगळे उभेच. भिंतीवरच्या फळ्यापाशी उभ्या असलेल्या एक मॅडम एकेकाला तीन प्रश्न विचारत होत्या: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय? विचारता विचारता त्या सुतारापाशी आल्या.

"काल तीन खिडक्या बसवल्या. आज हे दार. अडचण म्हणाल तर, तुम्ही सगळे दारात उभे आहात."

मॅडम खूश! त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर 'दार' लिहून ती फळ्यावर डकवली. फळ्याला तीन रकाने: करायचंय, चाललंय, झालं. पहिले दोन चिठ्ठ्यांनी ओसंडत होते. तिसऱ्यात कोळ्यानं जाळं विणून संसार थाटला होता.

दुपारी सुतारानं कोळ्याला बाजूला सारून आपली चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात लावली, आणि तिथंच घात झाला. बडे साहेब नेमके तिथून चालले होते.

"झालं? एका दिवसात? मग बाकीच्यांना काय धाड भरलीय?"

साहेबांची पाठ वळताच चष्मेवाल्या इंजिनिअरनं सुताराला कोपऱ्यात घेतलं. "काका, पोटावर पाय देऊ नका हो आमच्या. एकदम 'झालं' म्हणायचं नसतं!"

"मग काय म्हणायचं?"

"नव्वद टक्के. टेस्टिंग कुठं झालंय अजून?"

चिठ्ठी मागे आली. मंगळवारी दार दोनशे वेळा उघडून लावून पाहिलं. एकशे नव्याण्णव वेळा ठीक होतं, दोनशेव्या वेळी बिजागरी निखळली. बुधवारी मॅडमनी पत्ते वाटले. सुतार हरखला, पण पत्त्यांत ना राजा ना राणी, नुसते आकडे. काम किती अवघड, ते पत्ता दाखवून सांगायचं. सुतारानं एक दाखवला, चष्मेवाल्यानं तेरा.

"एका बिजागरीला तेरा?"

"काका, तुम्ही एक म्हणालात तर उद्या आम्हालाही एकच म्हणावं लागेल!"

गुरुवारी साहेबांना वाटलं, दार बाहेर उघडलं तर? शुक्रवारी वाटलं, आतच बरं होतं. सहीशिवाय हलायचं नाही, अशी ठेकेदाराची ताकीद. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "कुठवर आलंय?" आणि सुताराच्या तोंडून आपसूक निघालं, "नव्वद टक्के, साहेब!"

चष्मेवाल्यानं त्याची पाठ थोपटली.

सुतार घरी पोचला, तर दारात सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"या जावईबापू. काल काय केलंत?"

सुतार दचकला.

"आज काय केलंत? आणि त्या कपाटाला दार लावायला अडचण तरी काय आहे?"

अडचण दारातच उभी होती. पण पाच दिवसांत सुतार बराच शिकला होता.

"काही नाही आई, नव्वद टक्के झालंच आहे..."

सासूबाई बाजूला झाल्या. आत बिनदाराच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, त्याची उशी आणि पांघरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं.

सुतारानं पाणीसुद्धा न पिता हत्यारांची पिशवी उघडली. अर्ध्या तासात दार लागलं.

बायकोनं ते एकदा लावलं, एकदा उघडलं आणि उशी बाहेर काढली.

"झालं," ती म्हणाली. टेस्टिंग एवढंच.