फेरी लांब आहे

वडिलांनी जेवणाच्या टेबलावरची भांडी एका बाजूला सारली, मधोमध खडूने रेघ ओढली आणि जाहीर केलं की आज दुपारपर्यंत हे टेबल नाही, डेपो आहे.

"टेबल माझं आहे," आई म्हणाली. "आणि डेपो सुटून चार वर्षं झाली तुमचा."

वडील छत्तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखत. कोणती गाडी कुठून सुटेल, कुठे थांबेल, कोण कोणाची वाट बघेल, हे ते आधी घरी शर्टाच्या बटणांनी टेबलावर चालवून बघायचे आणि मगच रस्त्यावर आणायचे. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, बटणं उरली. घरात कोणालाही अडचण आली की ते बटणांचा डबा घेऊन हजर. डेपोतल्या भोंग्यांनी त्यांचा डावा कान कामातून गेला होता, त्यामुळे नको म्हटलेलं त्यांना सहसा ऐकू येत नसे. आणि प्रत्येक वाद ते एकाच प्रश्नावर आणून सोडत: "बरोबर की चूक?" त्यांच्या लेकीने चौतीस वर्षांत या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. "बघू."

त्या रविवारची अडचण लेकीचीच होती. तिच्या ऑफिसात चिप कारखान्यात जाण्याआधी तिची नक्कल संगणकात चालवून बघत, म्हणजे चुका स्वस्तात सापडतात. या चिपमध्ये दोन प्रोसेसर होते, आणि दोन वेगळ्या घराण्यांतले. मोठा दणकट, काम उपसणारा. छोटा हळू, पण थोड्या विजेवर दिवसभर जागा राहणारा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. चिप सुरू झाली की मोठ्याने छोट्याला हाक मारायची, छोट्याने ओ द्यायची, मग पुढचं सगळं. पण नकलेत तीन आठवडे ओ येतच नव्हती. गुरुवारी ग्राहक बघायला येणार होते. तोवर चिप उठली नाही तर काम दुसऱ्या शाखेकडे जाईल आणि तिची चार माणसं मोकळी होतील, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं. साहेब शांत झाले की सगळं ऑफिस घाबरायचं.

"मला एवढंच सांग," वडील म्हणाले, "दोघं एकदमच चालतात का?"

"खऱ्या चिपमध्ये एकदम. नकलेत नाही. आधी मोठा दहा हजार पावलं चालतो, तोवर छोटा गोठलेला. मग छोटा दहा हजार, तोवर मोठा गोठलेला."

"म्हणजे फेऱ्या."

"फेऱ्या नाहीत, बाबा."

"फेऱ्याच," म्हणत त्यांनी बटणांचा डबा बाजूला ठेवला. या वेळी बटणं पुरणार नव्हती. माणसं लागणार होती.

मोठा प्रोसेसर म्हणून आईची नेमणूक झाली. घरातलं सगळं काम तीच उपसते, हे वडिलांनी या निमित्ताने पहिल्यांदा कबूल केलं, म्हणून ती तयार झाली. फक्त जागा तिने स्वयंपाकघरातली मागितली, कारण गॅसवर दूध होतं. छोटा प्रोसेसर म्हणून समोरच्या दारातले शिंपीमास्तर आले. ते तसेही वडिलांच्या नव्या राखाडी पँटचे पाय दुमडायला घेऊन बसले होते. मास्तर कमी बोलत, हळू चालत आणि दिवसभर जागे असत, तेव्हा त्यांच्याइतका लायक माणूस सापडणं कठीण होतं. लेक दोघांमधली तार. वडील शिट्टी घेऊन खडूच्या रेघेपाशी उभे राहिले.

लेकीने तिच्या प्रोग्रॅममधले नियम जसेच्या तसे लिहून दोघांच्या हातात दिले. आईने मास्तरांना हाक मारायची, वीसपर्यंत मोजायचं, ओ आली नाही तर 'पहिल्यापासून' अशी चिठ्ठी पाठवायची आणि पुन्हा हाक मारायची. मास्तरांनी पँटचा उजवा पाय दुमडून शिवायचा, शिवून झाला की ओ द्यायची. पण 'पहिल्यापासून' आलं तर घातलेला टाका उसवून नव्याने सुरुवात करायची. आणि एकाची फेरी चालू असताना दुसऱ्याने जागचं हलायचं नाही. फेरी शंभर अंकांची.

शिट्टी वाजली. आईने हाक मारली, वीसपर्यंत मोजलं. मास्तर सुई धरून पुतळ्यासारखे बसलेले. चिठ्ठी गेली. पुन्हा हाक, पुन्हा वीस, पुन्हा चिठ्ठी. शंभर होईपर्यंत मास्तरांच्या पुढ्यात पाच चिठ्ठ्या पडल्या.

शिट्टी. मास्तर हलले. चिठ्ठ्या मोजल्या, चष्म्यावरून वडिलांकडे बघितलं.

"साहेब, पाच आहेत. पाचदा उसवू?"

"नियम आहे, मास्तर."

मास्तरांनी पाचदा टाका घातला आणि पाचदा उसवला. उसवताना कापडाची कड विसकटे, आणि विसकटलेली कड सरळ कापल्याशिवाय पुढे शिवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. प्रत्येक वेळी बोटभर कापड जमिनीवर पडत होतं. इकडे स्वयंपाकघरात दूध वर यायला लागलं.

"वहिनी, दूध," मास्तर मान न वळवता म्हणाले.

आई हातात पळी घेऊन गॅससमोर उभी होती. "माझी फेरी नाही. मी गोठलेली आहे."

लेक धावली. वडिलांनी हात आडवा घातला. "तारेने गॅस बंद करायचा नसतो. अजून अठरा आहेत."

अठरा अंकांत दूध काठावरून उतरलं, ओट्यावरून वाहिलं, गॅस विझवून शांत झालं. आईने ते सगळं डोळे न हलवता पाहिलं. शिट्टी वाजल्यावर तिने गॅसची कळ बंद केली, ओट्यावर फडकं टाकलं, मास्तरांना हाक मारली आणि वीसपर्यंत मोजलं. आवाज जरा चढा होता, पण अंक एकही चुकला नाही.

मास्तरांच्या तिसऱ्या फेरीला पँटचा उजवा पाय नडगीपाशी आला. मास्तरांनी तो डाव्याशेजारी धरून बघितला आणि कोणी न सांगता डावाही तेवढाच कापला. जोडीत खोट त्यांना चालत नसे.

वडिलांनी शिट्टी खिशात टाकली. चेहरा असा उजळला होता, जणू हरवलेली गाडी डेपोत शिरली. "सापडलं. हिचे वीस अंक हिच्या स्वतःच्या फेरीतच संपतात. तेवढ्यात मास्तर जागचे हललेलेच नसतात, मग ओ कसली देणार? आणि हलायला मिळतं तेव्हा पुढ्यात पाच चिठ्ठ्या. मास्तरांची चूक नाही, हिचीही नाही. फेरी लांब आहे. शंभरची पाच कर."

"बाबा, फेरी लहान केली की नक्कल रांगायला लागते. चिपचा एक सेकंद चालवायला आत्ताच चाळीस मिनिटं लागतात. तुमच्या पद्धतीने दिवस जाईल. आमच्याकडे असं करत नाहीत."

"अरुंद पुलावर मी हेच केलं होतं. इकडची एक गाडी, मग तिकडची एक, दर गाडीला फोन. गाड्या उशिरा आल्या, पण आल्या. बरोबर की चूक?"

"बघू," ती म्हणाली आणि लॅपटॉप उचलून खोलीत गेली.

वडिलांनी ती पँट चढवली आणि दिवसभर घरात तशीच वापरली. घोट्यांना हवा लागते म्हणाले. आई ओटा पुसता पुसता त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा हसायला लागायची. संध्याकाळी मास्तर पँट परत घेऊन गेले. खाली कापड जोडून देतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील उठले नाहीत. झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. आई म्हणाली, त्यांना सगळं कळायचं.

साहेबांनी ग्राहकांना तीन आठवडे पुढे ढकललं. दोन आठवड्यांनी लेक कामावर गेली आणि शक्य ते सगळं करून पाहिलं. हाक बदलली, वाट बघण्याचे अंक दुप्पट केले, छोट्याचा अर्धा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. ओ आली नाही. ग्राहक यायच्या आदल्या दुपारी तिने एक ओळ उघडली, दहा हजारच्या जागी शंभर लिहिलं आणि नक्कल सुरू केली.

"ताई, हे आज संपत नाही," शेजारच्या टेबलावरचा म्हणाला.

"नाही संपणार."

दुसऱ्या दिवशी ग्राहकांचे दोन चहा झाले. साहेबांनी हवेचा विषय काढला, मग पार्किंगचा, मग पुन्हा हवेचा, आणि शेवटी शांत झाले. तिच्या चार माणसांनी एकमेकांकडे बघितलं. चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उमटली. छोट्याने ओ दिली होती. मागोमाग मोठ्याने पुढचं काम उपसायला घेतलं.

साहेबांनी विचारलं, सुचलं कसं.

"आमच्या घरी एकदा मोठा प्रोसेसर गॅससमोर गोठला होता," ती म्हणाली. ग्राहकांपैकी एकाने ते वहीत लिहून घेतलं.

घरी पोचली तेव्हा मास्तर दारातच उभे होते. हातात घडी घातलेली राखाडी पँट. खाली जोडलेल्या कापडाचा रंग किंचित गडद होता, टाके मात्र एकसारखे.

"थांबा म्हणून चिठ्ठी आली नाही कोणाची," मास्तर म्हणाले, "म्हणून पूर्ण केली."

ती पँट घेऊन वडिलांच्या खोलीत गेली. दारामागच्या खुंटीवर तिने ती नीट अडकवली आणि पाय एका रेषेत आले का ते पाहिलं. आले होते. स्वयंपाकघरात आईने दूध तापत ठेवलं होतं, त्याचा वास येत होता. वडिलांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूने बोलून उपयोग नसे, म्हणून ती वळसा घालून उजव्या बाजूला गेली आणि आईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"फेरी लांब होती, बाबा. बरोबर."