दहाव्या पायरीवरचे परबकाका

आमच्या चारकोपच्या इमारतीला लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यापर्यंत अडुसष्ट पायऱ्या आहेत. मी दोनदा मोजल्या आहेत. आमच्या समोरच्या घरातले परबकाका या पायऱ्या चढताना दर दहाव्या पायरीवर थांबतात. सत्तरी उलटली, पण गुडघे ठणठणीत, धाप नाही. तरी दहा, वीस, तीस असे एकूण सहा थांबे. तेही भिंतीला चिकटून. कठड्याकडची बाजू मोकळी असते, पण तिथून कुणी पुढे सटकू लागला की काकांची पिशवी आडवी येते.

"काका, मला ऑफिस आहे हो!"

"दहावर दम खावचो! खय पळतंस?"

थांबे चुकू नयेत म्हणून त्यांनी त्या पायऱ्यांवर खडूने आकडे लिहिलेत. झाडूवाली सोमवारी पुसते, काका मंगळवारी पुन्हा लिहितात. जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस.

माझी सई तिसरीत. तोंडी वजाबाकी म्हटली की तिची वाचाच बसायची. चाचणीत दहापैकी शून्य मिळालं, तेव्हापासून शाळेच्या वेळेला तिचं पोट दुखू लागलं. मी शिस्तीत शिकवलं: एककाखाली एकक, पुरत नसेल तर दशकाकडून हातचा घे. कागदावर जमायचं. कागद काढून घेतला की डोळ्यांत पाणी.

एकदा काकांनी दारातून हे ऐकलं. "त्रेसष्टातून अठ्ठावीस? चल गो, खाली!"

त्यांनी तिला अठ्ठाविसाव्या पायरीवर उभं केलं. "आता त्रेसष्टाक जा."

मी म्हटलं, "अहो, वजा करायचंय आणि तुम्ही चढवताय?"

"तू गप रव. दोघांमधला अंतरच सांगूचा ना? मग खालसून वर जा, नायतर वरसून खाली."

सई दोन पायऱ्या चढली. तीस.

"दम खा. किती झाले?"

"दोन."

मग चाळीस, पन्नास, साठ. "हे तीन दहा, म्हणजे तीस," ती पुटपुटली. त्यावर आणखी तीन पायऱ्या चढली आणि ओरडली, "पस्तीस! आजोबा, पस्तीस!"

हातचा कुठे लागलाच नाही. मी घरात जाऊन कागदावर ताळा केला. पस्तीसच.

महिनाभर संध्याकाळी जिना त्या दोघांचा. पुढे काका तिला खुर्चीत बसवून, डोळे मिटून मनातल्या मनात चढायला लावू लागले.

पुढच्या तोंडी चाचणीला पालकांना मागच्या बाकांवर बसू दिलं होतं. बाईंनी विचारलं, "बावन्नातून सदतीस?" सईने डोळे मिटले. मी हवेत बोटाने हातचा घेतोय, तोवर "पंधरा!"

"एक्क्याण्णवातून शेहेचाळीस?"

"पंचेचाळीस!"

दहापैकी दहा. त्यांतली सात उत्तरं माझ्या आधी. खोटं कशाला सांगू, नऊ. बाई म्हणाल्या, "कसं करतेस ते सगळ्यांना सांग बघू." आणि माझी मुकी मुलगी फळ्यापाशी जाऊन खणखणीत म्हणाली, "आधी दहावर दम खायचा!"

त्या दिवशी तिने अडुसष्ट पायऱ्या एका दमात चढून काकांचं दार ठोठावलं. निकाल ऐकून काकांनी तिला उचललीच. "झकास! वाघीण गो माझी!" खालच्या तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली.

"आजोबा, मी कुठेच थांबले नाही. दम तर तुम्हालाही लागत नाही, मग तुम्ही का थांबता?"

"तुझ्या आजीक लागायचो," काका म्हणाले. "दम्याची बाई. दहा पायऱ्यो चढायची नि कठडो धरून उभी रवायची. मोजूक लावलंय की धाप विसरायची."

आम्ही या इमारतीत आलो त्याच्या आधीच काकी गेल्या होत्या.

आता संध्याकाळी भाजी आणताना सई त्यांच्याबरोबर असते. दहाव्या पायरीवर काका भिंतीला लागून थांबतात, सई कठडा धरून. तिला पिशवी आडवी येत नाही. मी मागे असलो तर आठव्या पायरीवरच थांबतो. घाई असली तरी.