आक्कांचं मेज आणि माझ्या चार तारा

बोटाने वाजवून पाहिल्याशिवाय मी कुठल्याच दारातून आत जात नाही. गर्व म्हणून सांगत नाही, पण देवाने मला लाकडाचा कान दिला आहे! पेराने टकटक केली की सांगतो: हे दार गाणारं, ते रडणारं, आणि ते तिसरं नुसतंच प्लायवूड. सासुरवाडीला एकदा नव्या पलंगावर टकटक करून मी म्हणालो, "यात प्राण नाही." पलंग सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बनवला होता. तेव्हापासून तिथे माझी गादी जमिनीवर घालतात.

मी बेस गिटार वाजवतो. ती जाड तारांची, लांब मानेची गिटार, जी वाजत असताना कुणाला ऐकू येत नाही आणि थांबली की सगळे म्हणतात, "काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय, नाही?"

आम्ही तिघे बेसवाले दर रविवारी दंतवैद्याच्या बंद दवाखान्यात जमतो. दंतवैद्य आमच्यातलाच. त्याच्याकडे इतक्या गिटारी आहेत, की त्याच्या घरात पाहुणे उभ्यानेच चहा पितात. तिसरा गंजोबा. गिटार घेतली तेव्हाच्याच तारा त्याच्या गिटारीवर अजून आहेत, म्हणून हे नाव.

"तारेवर घाम, धूळ आणि तपश्चर्या साचावी लागते," पेशंटच्या खुर्चीत आडवा होत गंजोबा सांगत होता. "नवी तार म्हणजे नवा जावई. चकचकाट फार, आवाज मोठा आणि कामाच्या वेळी गायब!"

"सगळा टोन अँप्लिफायरमध्ये असतो," दंतवैद्य म्हणाला.

"तुझा सगळा टोन पाकिटात असतो. तू आपला गप्प बस! बरं, मला सांगा, तुमचा गुरू कोण? माझा गुरू आमचा जुना फ्रिज. एक सूर धरला की सोडायचा नाही. गेला तोही सुरात गेला."

दंतवैद्य म्हणाला, "माझा गुरू ड्रिल मशीन. कसं वाजवू नये, ते त्याने शिकवलं."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. "माझा गुरू म्हणजे आक्कांचा उजवा तळवा."

गंजोबा खुर्चीत उठून बसला.

आक्का आमच्या प्रार्थनेच्या सभागृहात प्रवचन गातात. सांगतात नव्हे, गातात! गोष्ट सांगता सांगता आवाज कधी सुरात शिरतो ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा आपले डोळे भरलेले असतात. तिथे ना ढोल ना झांजा. त्यांच्यासमोर उतरत्या फळीचं एक काळंभोर मेज, त्यावर पोथी, आणि नेमक्या जागी त्यावर पडणारा आक्कांचा तळवा. धप्प! डुलक्या घेणारे ताठ बसायचे, आणि रडणाऱ्यांचा हुंदका अर्ध्यात थांबायचा. मी डावीकडे बसून त्या धप्पाच्या खाली माझा सूर अंथरायचो. कुठे वाजवायचं नाही, हे मी त्या तळव्याकडूनच शिकलो.

पण आक्का पडल्या. पायाचं हाड मोडलं, मग ताप, मग अंथरूण. त्या लेकीकडे गेल्या त्याला बरेच महिने झाले होते. सभागृहाला कुणीतरी काचेचं नवं मेज भेट दिलं. त्यावर तळवा मारण्याची कुणाची छाती नव्हती.

"खरं सांगू?" मी म्हणालो. "बेस गिटार विकत घ्यायचीच नसते. लाकूड असं हवं, की ज्याने वर्षानुवर्षं गाणं ऐकलंय. ते आतून मोकळं झालेलं असतं. असं लाकूड मिळालं ना, तर मी स्वतः बनवीन!"

"बनवलीस तर लाकडाच्या पोटात बसवायला छोटा माइक मी देतो," दंतवैद्य म्हणाला.

"आणि बनवलीस तर मी तारा बदलीन," गंजोबा म्हणाला. म्हणजे त्याच्या मते हे अशक्य होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहामागच्या खोलीत खुर्च्या ठेवायला गेलो, तर फुटक्या कुंड्यांच्या आड ते काळं मेज! मी पेराने टकटक केली. वाचकहो, अंगावर काटा आला. साक्षात आक्का हुंकारल्या!

रखवालदाराला विचारलं, "हे इथे का?"

"नेता का, भाऊ? उपकार होतील. माझा गुडघा रोज त्यावर आपटतो."

मी नेलं. भक्तिभावाने नेलं, हे देवाशपथ सांगतो. आक्का आता परत गाणार नाहीत, असं सगळेच म्हणत होते. त्यांचा आवाज माझ्या छातीशी राहील, एवढीच माझी इच्छा होती.

मग घरात यज्ञ सुरू झाला! जेवणाच्या टेबलावर करवत, बेसिनमध्ये रंधा, अंथरुणात भुसा. जुन्या तारा उकळल्या की आवाज उजळतो, म्हणून मी त्या पातेल्यात उकळत ठेवल्या. बायकोने झाकण उघडलं आणि शांतपणे परत ठेवलं.

"अहो, हे शिजायला किती वेळ लागेल?"

"थोडा."

"मीठ घालू?"

मेजाचे पाय तोडले आणि फळीतून गिटारीचं अंग घडवलं. मान जुन्या गिटारीची लावली. दंतवैद्याचा माइक पोटात चिकटवला. चार तारा ताणल्या आणि वाजवली. ती गुरगुरली. झोपेतून उठवलेल्या अस्वलासारखी, मध्येच खरखरत, मध्येच रुसत.

"यात माती आहे," दंतवैद्य डोळे मिटून म्हणाला.

"खरखर काढू नकोस," गंजोबा गहिवरला. "तोच स्वभाव आहे."

आम्हा बेसवाल्यांचं हे बरं असतं. वाद्य बिघडलं की त्याला स्वभाव येतो!

आठवडाही झाला नसेल. रखवालदार धापा टाकत दारात उभा.

"भाऊ, मेज द्या! आक्का आल्या!"

"आक्का? गाणार?"

"लेक म्हणते, आवाज सुटलाय, पण मन बसलंय. कुणी कितीही विनवलं तरी नाहीच म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, 'माझं मेज असेल तर एकदा उभी राहून पाहते. ते काचेचं नको. नसेल तर माझं गाणं संपलं असं समजा.' परवा सगळे जमणार आहेत. कुठाय मेज?"

मी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझी बेस टांगली होती. रखवालदाराने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "यातलं मेज काढून द्या."

आक्कांचं गाणं एका फळीवर अडलं होतं, आणि त्या फळीला मी मान लावली होती! गंजोबाला गाठून धावत दवाखान्यात गेलो.

"दुसरं बनवू," दंतवैद्य म्हणाला. "कवळी बसवतो तसं. खरं-खोटं कुणाला कळतंय!"

"लाकूड?"

तिघांनी विचार केला. मग आठवलं, आमच्या घरात एकच जुनं, काळसर, जड लाकूड होतं. बायकोच्या माहेरहून आलेलं कपाट. त्यालाही मी कधीतरी वाजवून पाहिलं होतं. गाणारं नव्हतं, पण गुणगुणणारं होतं. बायको बहिणीकडे गेली होती. आम्ही एक दार उतरवलं, कापलं, पाय लावले, बुटाचं पॉलिश चोळलं. संध्याकाळी बायको आली.

"दार कुठाय?"

"दुरुस्तीला."

"मोडलं कधी?"

"मोडण्याच्या बेतात होतं."

तिने नुसतं पाहिलं. लग्नानंतर बायका तसं पाहायला कुठे शिकतात, देव जाणे.

सभा भरली. पाय ठेवायला जागा नाही. लेकीचा हात धरून आक्का आल्या. केवढ्या बारीक झाल्या होत्या! मेजासमोर उभ्या राहिल्या, पोथी ठेवली, डोळे मिटले. मी डावीकडे बेस मांडीवर घेऊन, अँप्लिफायर चालू करून बसलो होतो.

आक्कांनी तळवा उचलला. टप्.

त्यांनी पुन्हा मारला. टप्. डोळे उघडले.

"हे कुणाच्या कपाटाचं दार आहे?"

"माझ्या!" मागच्या रांगेतून बायको ताडकन उठली. "आक्का, माझ्या आईच्या कपाटाचं!"

सभागृहातला प्रत्येक चेहरा माझ्याकडे वळला. दंतवैद्य खांबाच्या मागे गेला. गंजोबा आधीच तिथे होता.

आक्का चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोथी मिटली, छातीशी धरली आणि लेकीला म्हणाल्या, "चल ग. देवाने सांगितलं, पुरे."

माझ्याने बसवेना. मी धडपडत उठलो आणि बेसचं अंग खुर्चीच्या पाठीवर आपटलं.

धप्प!

लाकडाच्या पोटातल्या माइकने तो आवाज उचलला आणि भिंतींवर फेकला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. अर्ध्या वाटेवर आक्का थांबल्या.

"ते काय आहे?"

"आक्का," मी म्हणालो आणि पुढचं सगळं रडत सांगितलं. खोली, कुंड्या, करवत, भुसा. "तुमचं गाणं जवळ राहावं म्हणून नेलं. तुम्ही परत याल असं वाटलंच नाही मला!"

"मलाही नव्हतं वाटलं," आक्का म्हणाल्या. "इकडे आण."

मी बेस त्यांच्यापुढे आडवी ठेवली, त्याच खोट्या मेजावर. त्यांनी लाकडावरून हात फिरवला. ज्या जागी वर्षानुवर्षं तळवा पडून फळी गुळगुळीत झाली होती, ती जागा तशीच होती. तिथे मी रंधा फिरवला नव्हता. तेवढी एक अक्कल देवाने मला दिली होती.

"माझा पाय मोडला आणि याचे तू तोडलेस," त्या म्हणाल्या. "चला. आता दोघं मिळून उभं राहून पाहू."

आणि आक्का गायल्या.

झाड तुटलं, त्याची होडी झाली. होडी फुटली, तिचं दार झालं. दार निखळलं, त्याचा पाळणा झाला. प्रत्येक घावाला लाकूड म्हणालं, संपलो. आणि प्रत्येक वेळी घडवणारा म्हणाला, थांब, अजून मी हात काढून घेतलेला नाही. धप्प! आवाज सुरुवातीला कापत होता. मग कापेनासा झाला. पाळण्यापर्यंत आल्या तेव्हा त्यांनी लेकीचा हात सोडला होता, आणि त्या एकट्या उभ्या होत्या. रखवालदार दारात उभ्या उभ्या डोळे पुसत होता. मागच्या रांगेत बायकोही रडत होती. कपाटासाठी नसावी.

मी रिकाम्या हातांनी डावीकडे बसून होतो. वाजवायला काही नव्हतं. तरी सांगतो, इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं.

प्रवचन संपल्यावर दंतवैद्य खांबामागून आला. "माइक माझा होता बरं का," असं तो सगळ्यांना सांगत सुटला. तारा बदलण्याचा शब्द पाळावा लागू नये म्हणून गंजोबाने मागच्या दाराने काढता पाय घेतला. आणि आक्कांनी मला खुणेने बोलावलं. मी वाकून नमस्कार केला. पाठीवर हात पडला. आता आशीर्वाद, आता शाबासकी!

"छान केलंस हो. पूर्वीपेक्षा लांबवर ऐकू जातं," त्या म्हणाल्या. "फक्त एक कर. ह्या चार तारा काढून टाक. मध्ये मध्ये खरखरतात."

काढल्या. आज्ञाच ती! मानही काढली, पोथीच्या आड येत होती. पायसुद्धा पुन्हा लावले. आता आक्का गातात तेव्हा मी डावीकडेच बसतो आणि योग्य वेळी माइकचं बटण चालू करतो. तेही नेमकं जमावं लागतं.

आणि त्या चार तारा? बायकोने कपाटाच्या उघड्या बाजूला त्या ओढून बांधल्या आणि वर पडदा लावला. रोज सकाळी ती पडदा सरकवते तेव्हा अख्ख्या घरात एक खोल, गंभीर सूर घुमतो. मग ती कपाटातून साडी काढता काढता विचारते,

"कसा आहे हो टोन?"

काय सांगू तुम्हाला, उत्तम आहे!