साठ मीटरचा साखरपुडा

विश्वनाथरावांनी सासूबाईंना शब्द दिला, आणि तिथेच घोळ झाला.

सासूबाई म्हणजे पुतळाबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून मुक्काम वरच्या मजल्यावर, जिना उतरायला डॉक्टरांची सक्त मनाई. आणि नातीचा, प्राजक्ताचा, साखरपुडा खाली मांडवात! म्हातारीला एकच बघायचं होतं, नातीच्या बोटात अंगठी जाताना.

"दाखवतो ना, आई," विश्वनाथराव म्हणाले. "मांडवात बसणाऱ्यांपेक्षा तुम्हाला चांगली दिसेल!"

गुजरातला खेटून असलेल्या सामरवरणीतला त्यांचा प्लॉट पट्टीसारखा लांब. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला चिकूची झाडं आणि तिथेच मांडव. मध्ये साठ मीटर. घरातलं वायफाय तिथवर जाईपर्यंत धाप लागून बसायचं.

"आईला खुर्चीसकट खाली आणू या की," त्यांच्या पत्नी शैलजाबाई म्हणाल्या. पण विश्वनाथराव पडले प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर. सोपा उपाय सुचवला की त्यांना अपमान वाटतो.

त्यांनी नेटवर्कची केबल आणली आणि दोन डब्या. खालची डबी कॅमेऱ्याचं चित्र केबलीत ढकलणार, वरची ते सासूबाईंच्या खोलीतल्या टीव्हीत ओतणार. आतल्या आठ रंगीत तारांचा क्रम तीनदा चुकला (कारखान्यात हे काम ते दुसऱ्याला सांगतात). चौथ्यांदा टीव्हीवर चित्र आलं. तिकडे चिकूच्या पानावर मुंगी चालली होती आणि इथे तिचे पाय मोजता येत होते. पेन्सिलीएवढ्या वायरीतून अख्खी बाग घरात आली होती! त्यांनी टीव्हीला चक्क हात जोडले.

साखरपुड्याच्या सकाळी ते कॅमेऱ्यामागे उभे राहिले. गुरुजींनी मंत्र सुरू केले आणि विश्वनाथरावांचा फोन वाजला.

"जावईबापू," पुतळाबाई म्हणाल्या, "गुरुजींचा सुपारीचा गणपती पाटाखाली गेलाय बघा."

गुरुजींनी पाट उचलला. गणपती सापडला. मांडव थक्क!

"तिथून दिसलं?" नवऱ्यामुलाची आई शोभाताई उठल्याच. "मी बघून येते." पाच मिनिटांत त्यांनी वरच्या गॅलरीतून हाक मारली, "अहो, या सगळे! माझ्या साडीचा काठ खाली इतका सुंदर नव्हता!"

मग काय! व्याही गेले. शेजारचे पटेलभाई जाऊन गॅलरीतून गुजरातीत ओरडले, "एकदम चोख्खुं देखाय छे! एकदम स्वच्छ!" मावश्या गेल्या, काका गेले. विश्वनाथरावांची छाती फुगतच गेली. शेवटी प्राजक्ता आणि नवरामुलगा हर्षल "आजीच्या पाया पडून येतो" म्हणून निघाले. त्यांना आणायला शैलजाबाई गेल्या आणि शैलजाबाईंना आणायला गुरुजी.

विश्वनाथराव मात्र हलले नाहीत. अंगठीच्या क्षणी कॅमेरा जागेवर हवा, शब्द दिलेला. दहा मिनिटं ते रिकाम्या पाटांचं सुंदर चित्रण करत राहिले.

फोन वाजला. "अहो, झालं!" शैलजाबाई म्हणाल्या. "मुहूर्त टळत होता, गुरुजी म्हणाले इथेच घाला. आईच्या मांडीवर हात ठेवून घातली हो अंगठी! आई रडली."

"आणि मी?"

"अगंबाई! आम्हाला वाटलं, तुम्ही आहातच. समोर टीव्हीवर मांडव दिसत होता ना!"

"मग मला आता तिथून दाखव."

"ही वायर एकाच बाजूने चालते, तुम्हीच सांगितलं होतं."

विश्वनाथराव चालत पुढे गेले आणि मुलीच्या पाटावर बसले. एकुलती एक लेक. बापाने साठ मीटर केबल ओढली, आणि अख्ख्या गोतावळ्यात अंगठी न बघितलेला माणूस तोच. तेवढ्यात फोनवर पुतळाबाई आल्या.

"जावईबापू, डोळे पुसा. समदं दिसून राहिलंय इथं."

"घाम आहे तो, आई."

"नाही हो," फोनमध्ये मागून शोभाताईंचा आदराने भारावलेला आवाज आला, "घाम कपाळावर वेगळा दिसतोय!"