कपाळावरची ताडपत्री

गौरवी सकाळी दात घासत अंगणात आली आणि तोंडातला सगळा फेस गिळून बसली.

अंगणात पप्पांचा ट्रक उभा होता. ती जन्मली त्या वर्षी गुरुदासने पहिला ट्रक घेतला आणि त्याच्या कपाळावर लेकीचं नाव रंगवलं. पुढे ट्रक बदलले, पण नाव तेच राहिलं. गोव्यातल्या पाळी गावापासून जेटीपर्यंतचा सगळा खाणपट्टा त्या ट्रकाला ‘गौरवी’ म्हणूनच ओळखायचा. ‘गौरवी पंक्चर झाली’, ‘गौरवी चढावार अडाकली’ असल्या बातम्या ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. पण आज त्या नावाच्या मागे ‘ॲडव्होकेट’ लागलं होतं. पुढे बी.ए., एलएल.बी. आलं होतं. वर न्यायाची तागडी लोंबत होती आणि खाली, लांबून येणाऱ्या आंधळ्यालाही दिसेल अशा पिवळ्या रंगात, तिचा मोबाइल नंबर होता.

“कसा दिसता?” गुरुदास टायरावर हात ठेवून उभा होता. कालच मुंज लागलेल्या बटूसारखा त्याचा चेहरा फुलला होता.

“पप्पा, ह्यां कोणी केलां?”

“सखारामान. काल सांजेक येऊन रंगवन गेलो. तागडी तेणी फुकट काढल्यान.”

“आधी पुसा!”

“पुसू? ऑइल पेंट तो! आणि पुसूक काय झालां? तू वकील नाय?”

“वकील आसंय म्हणानच! वकिलान जाहिरात करूक जायना. दिल्लीच्या बार कौन्सिलाचो नियम आसा. कोणी तक्रार केल्यान तर सनद जायत माझी!”

“जाहिरात खंयची? बापाशीन चेडवाचां नाव लिवलां.”

“नाव चलता. मागचां ‘ॲडव्होकेट’ चलना, ती तागडी चलना आणि तो नंबर तर अजिबात चलना.”

“मगे लोकांनी तुका फोन कसो करूचो?”

“तेच तर! ट्रकार वाचून कोणी करूचोच नाय!”

“गिऱ्हाइकाक कळूचां नाय, असो धंदो मी जन्मात बघूक नाय,” तो म्हणाला.

गौरवीची भीती उगाच नव्हती. सनद मिळून तिला जेमतेम महिना झाला होता आणि ती डिचोलीत ज्यांच्या हाताखाली काम शिकत होती, ते वकील रघुनाथबाब म्हणजे हात-पाय फुटलेले बार कौन्सिलाचे नियमच. त्यांची पितळी पाटी पोस्टकार्डाएवढी होती आणि तीही इतकी झिजलेली, की नवा पोस्टमन पत्रं खालच्या शिंप्याकडे टाकून जायचा. एकदा भाच्याने त्यांचं नाव घालून दिवाळीची कॅलेंडरं छापली, तर त्यांनी ती सगळी परसात नेऊन जाळली. एका शाळेच्या बक्षीस समारंभात निवेदकाने ‘सुप्रसिद्ध कायदेपंडित’ म्हटलं, तर ते खुर्चीवरून उठून घरी निघून गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी गौरवीला बजावलं होतं, “काम आपल्या पायांनी चालत येतं. वकिलाने त्याला हाक मारायची नसते. ज्या दिवशी हाक मारलीस, त्या दिवशी फाइल बंद करायची आणि घरी जायचं.”

काम मात्र अलीकडे पायांनी दुसरीकडेच चालत जात होतं. रघुनाथबाबांच्या अशिलांच्या बाकावर एक मांजर झोपायचं. त्याला गेल्या कित्येक दिवसांत कुणी उठवलं नव्हतं.

“सखारामाक बोलवा आणि आजच्या आज तां पुसून घेया,” गौरवी म्हणाली.

“सखाराम आता दशावताराच्या मेळात. आजपासून जत्रा सुरू झाल्यो मगो! तो राजाचो पार्ट करता.”

बांद्याचा सखाराम पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ट्रक रंगवायचा आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात तोंड रंगवायचा. एकदा मुकुट चढवला की मग तो ब्रशाला शिवत नसे.

“मगे तुमीच रंग फासा!”

गुरुदासने खिशातून रुमाल काढला आणि जिथे कसलीही धूळ नव्हती तिथे ‘ॲडव्होकेट’ पुसलं. मग हळूच म्हणाला, “दिल्लीच्या कोर्टान खाणी बंद केल्यानी तेव्हा ह्यो ट्रक हयसरच उबो होतो. टायरांत गवत रुजलां. तेव्हाच मी ठरयलंय, घरात एक तरी कायदो समाजणारां माणूस होया. आता तां झालां, तर दिल्ली म्हणता लिवूक जायना. ट्रक बंद केल्यान, मी गप रवलंय. आता ट्रकाचां कपाळ पण दिल्लीच बंद करतली?”

ट्रक उभा असताना पप्पांनी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून रात्रंदिवस राबून तिची फी भरली होती. या माणसाला रंग फासायला सांगणं तिच्याने होईना. कायदा शिकलेली माणसं अशा वेळी जे करतात तेच तिने केलं, मधला मार्ग काढला. शेडमधून ताडपत्रीचा एक हिरवा तुकडा आणला, शिडी लावून वर चढली आणि ट्रकाच्या कपाळावर तो स्वतःच्या हाताने घट्ट बांधला. सखाराम मोकळा होईपर्यंत राहील झाकलेलं, कुणाला दिसणार नाही, म्हणजे जाहिरात नाही.

ही तिची पहिली व्यावसायिक चूक.

डिचोलीच्या वळणावर वाहतूक पोलीस परेशने शिटी मारली. परेशला हा ट्रक पाठ होता.

“गुरुदासबाब, कपाळाक काय झालां? मार बसलो?”

“काय नाय. झाकलां.”

“कित्याक?”

“कायदो आसा.”

परेश विचारात पडला. नंबरप्लेट झाकली तर कलम आहे, दिवे झाकले तर कलम आहे, माल उघडा ठेवला तर कलम आहे. ट्रकाने स्वतःचं नाव झाकलं तर काय करायचं, हे त्याला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. आणि जे शिकवलेलं नाही ते संशयास्पद, हे मात्र शिकवलं होतं. त्याने शिडी मागवून ताडपत्री वर केली आणि आत डोकं घालून वाचलं.

“आगो बाय! चेडू वकील झाला? माका वकीलच होयो होतो! शेजाऱ्याचो माड माझ्या कौलांर…”

“आत बघू नको!” गुरुदास ओरडला. “तू बघितलंस तर ती जाहिरात ठरता!”

“मी पोलीस आसंय. तपास करतंय.”

“मगे तपास कर, पण वाचू नको.”

“नंबर तरी सांग.”

“नंबर दिलंय तर सनद जाता तिची.”

परेशने चलन फाडलं नाही, पण मागे अडकलेल्या सगळ्या ट्रकवाल्यांना कळलं, की गुरुदासच्या ताडपत्रीखाली असं काहीतरी आहे जे वाचलं तर पोलीसही आपली ड्युटी विसरतो.

गावात ही गोष्ट ट्रकाच्या आधी पोचली. जन्मापासून उघडं असलेलं नाव बापाने एकाएकी झाकलं, म्हणजे घरात काहीतरी बरंवाईट झालं असणार. सोसायटीच्या दुकानावर ठरलं, की मुलीची सनद काढून घेतली. पोदेर सायकलवरून पाव घेऊन वरच्या वाड्यावर पोचेपर्यंत ती परीक्षेतच नापास झाली होती. खालच्या वाड्यावर तर तिने पळून जाऊन लग्नही केलं.

दुपारी शेजारची सरस्वती पदराआड फणसाचे तळलेले गरे घेऊन गौरवीच्या आईकडे, भाग्यलक्ष्मीकडे आली.

“रडू नको गो,” ती म्हणाली.

“मी खंय रडतंय?”

“तां पण बरोबर. धीर धरूकच होयो. शिक्षण काय, येता आणि जाता. माझ्या भावाचो निहार आसा बघ. तेका वकील बायल नको होती. आता गौरवी वकील नाय, तर बोलाचाली करूया?”

भाग्यलक्ष्मीने गरे ठेवून घेतले आणि सरस्वतीला परत पाठवलं. संध्याकाळी गुरुदास आल्याबरोबर तिने त्याला खिडकीपाशी उभं करून सगळं ऐकवलं. गुरुदासचा चेहरा उतरला. जाहिरात झाली नाही तर नाही, पण लेकीची सनद गेली असं गावाने म्हणावं? हे मात्र त्याच्या मनाला लागलं. गौरवीने परोपरीने समजावलं, “पप्पा, तुमी काय बोलू नकात. उद्या आपली जत्रा. लोक आपसूक विसारतले.”

“मी एक अक्षर बोलूचंय नाय,” गुरुदास म्हणाला आणि त्याने शब्द पाळला. तो स्वतः बोललाच नाही.

जत्रेला हल्ली दशावतार दिवेलागणीलाच सुरू होतो. मांडव भरला होता. पहिल्या रांगेत मानकरी म्हणून रघुनाथबाब बसले होते, कारण देवी त्यांच्याही घराण्याची. त्यांच्या मागे अंग चोरून गौरवी बसली होती. गुरुदास मात्र कुठे दिसत नव्हता, आणि हीच गोष्ट तिला बरी वाटेना. तो थोड्या वेळाने पडद्यामागून हात चोळत आला आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने शेंगदाणे खाऊ लागला.

मृदंग वाजला. सखारामचा राजा मिशीला पीळ देत बाकड्यावर विराजमान झाला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राजाच्या मनात येईल ते प्रधानाने पेलायचं.

“प्रधानजी! आमच्या राज्याची खबरबात निवेदन करा!”

“महाराज, प्रजा सुखी आहे. फक्त एका ट्रकाच्या कपाळावर पडदा पडला आहे!”

मांडवात खसखस पिकली. गौरवीने खुर्चीच्या खाली जागा आहे का ते पाहिलं.

“पडदा? आमच्या राज्यात? कुणाच्या आज्ञेने?”

“दिल्लीच्या, महाराज!”

“हे दिल्लीचे राज्य आमच्या सीमेवर कधी आले? सैन्य सज्ज करा!”

“महाराज, तो कायदा आहे. कायद्यावर तलवार चालत नाही.”

“अस्सं! मग ऐका, प्रजाजन! त्या पडद्याआड एक विदुषी आहे. तिची सनद शाबूत आहे! तिची बुद्धी आमच्या खड्गाहून तीक्ष्ण आहे! ती डिचोलीच्या बाजारात, शिंप्याच्या वर, जिना चढून डाव्या हाताला बसते! परंतु तिचे नाव घेण्यास बंदी आहे!”

“नाव न कळता प्रजेने तिला शोधावे कसे, महाराज?”

“शोधू नये! जो शोधील त्यास सुळावर चढवा! ही जाहिरात नव्हे!”

“गौरवी!” मागून कुणीतरी ओरडलं. आवाज परेशचा होता.

“कोण बोलला तो?” राजा दोन्ही हात वर करून गरजला. “प्रधानजी, आम्ही नाही बोललो! लिहून ठेवा!”

मग सगळा मांडवच ओरडू लागला, “गौरवी! गौरवी!” आणि राजा प्रत्येक वेळी कानांवर हात ठेवून मान हलवू लागला. टाळ्यांनी मृदंग बुडाला. सरस्वती उठून उभी राहून टाळ्या वाजवत होती. गुरुदासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेंगदाण्यांची पुडी कधीच खाली पडली होती. गौरवीला मात्र पुढच्या रांगेतली रघुनाथबाबांची ताठ मान तेवढी दिसत होती. ती मान एकदाही हलली नाही. नाटक अर्धं टाकून ते उठले आणि कुणाशीही न बोलता निघून गेले. संपलं, गौरवीच्या मनात आलं. सनद जाईल तेव्हा जाईल, पण उद्याच फाइल बंद.

दुसऱ्या दिवशी काय बोलायचं याची तयारी करत तिने जिना चढायला सुरुवात केली, पण तिला वर जाता येईना. जिन्यावर माणसं बसली होती. वर बाकावरही माणसं होती, आणि मांजर खिडकीत उभं राहून त्यांच्याकडे रागाने बघत होतं. परेश सर्वांत पुढे, माडाचा फोटो हातात घेऊन बसला होता. एक म्हातारी म्हणाली, “जिचां नाव घेऊक जायना ती वकीलीण तूच गो?”

गौरवी मान खाली घालून आत गेली.

“दार लाव,” रघुनाथबाब म्हणाले. त्यांच्यासमोर नियमांचं पुस्तक उघडं होतं. “ट्रकावर ते लिहायला तू सांगितलंस?”

“नाही, सर.”

“राजाला?”

“नाही, सर! पप्पांनी…”

“पप्पा वकील नाहीत. राजाही नाही. मग तू स्वतः काय केलंस?”

“मी झाकलं, सर. फक्त झाकलं. पप्पांना पुसायला सांगणं मला जमलं नाही.”

रघुनाथबाबांनी चष्मा काढला. “मी सकाळपासून हे पुस्तक वाचतोय. लिहिणं, छापणं, सांगणं, सुचवणं, सगळं आलंय यात. झाकू नये असं कुठेही नाही.” त्यांनी पुस्तक मिटलं. “सखारामकडून ते पुसून घ्या. नाव राहू दे. ते बापाचं आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. जा, अशील खोळंबलेत.”

गौरवीला हुंदका आणि हसू एकदमच आलं. ती वळली आणि दारापाशी पोचली.

“गौरवी.”

“सर?”

रघुनाथबाब खिडकीतून खाली बाजारातल्या रहदारीकडे बघत होते. “तुझ्या पप्पांच्या ट्रकाला मागे फाळका असतो ना?”

“असतो, सर.”

“रिकामा असतो?”

“हो, सर. तुमचं नाव घालायला सांगू?”

“छे छे छे! काहीतरीच काय! एक अक्षर लिहायचं नाही. नियम म्हणजे नियम.” त्यांनी बाहेरच्या गर्दीकडे एकदा बघितलं, मांजराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. “ताडपत्री उरली असेल तर… नुसतं झाकायला सांग.”