अर्धी तरी घ्या

"साहेब, तुमचं मशीन लय आग्रह करतंय हो!"

भिमाजींचा आवाज फोनमधून इतका दणदणीत आला की पलीकडच्या टेबलावरच्या उज्वला मॅडमनी मान वर केली. ज्ञानेशला नेमकं तेच नको होतं. त्याची उमेदवारी आज संपत होती आणि मॅडम त्याला कायम करणार की घरी बसवणार, ते संध्याकाळी ठरायचं होतं.

भिमाजी मखमलाबादचे फूलवाले. ज्ञानेशच्या कंपनीनं त्यांना ऑर्डरी लिहायला एक साधा प्रोग्राम करून दिला होता. त्यात माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर प्रश्न यायचा, माणसानं उत्तर टाइप करायचं आणि एंटर मारायचा, बस्स.

"काय झालं काका?" ज्ञानेशनं आवाज दाबून विचारलं.

"त्यानं इचारलं, सगळ्या ऑर्डरी पुसायच्या का? मी लिवलं, नको. तर म्हनतंय, 'असं कसं? संकोच करू नका.' पुन्हा लिवलं, नको. तर म्हनतंय, 'बरं, अर्धी तरी घ्या.' अन् अर्ध्या ऑर्डरी गायब! उद्या दसरा हाय. झेंडू कुनाला देऊ अन् कुनाला नाय?"

हे शब्द ज्ञानेशच्या ओळखीचे होते. ओळखीचे कसले, त्याच्या आईचेच होते!

त्याची आई छायाताई पंचवटीत खानावळ चालवायची. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकानं स्वतःच पोळ्यांचा आकडा टाकावा, म्हणून ज्ञानेशनं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटासा तुकडा, लिहिलं होतं. आकड्याच्या जागी कुणी अक्षर टाकलं, तर पुन्हा विचारायचं. रिकामं सोडलं, तर पुन्हा विचारायचं. आईनं ते बघितलं आणि नाक मुरडलं.

"आणि 'आणखी पोळी?'ला नको म्हणाला, की लगेच गप्प बसतं होय रे हे? माणूस लाजतो, ज्ञाना! पुन्हा विचारायचं. तरी नको म्हणाला, तर अर्धी वाढायची. अर्धीला कुणी नाही म्हणत नाही."

आईपुढे कुणाचं चाललंय? ज्ञानेशनं आग्रहही लिहून टाकला.

इकडे ऑफिसात मॅडमचा एकच धोशा असायचा, "तेच तेच दहादा लिहू नका. उत्तर तपासणारं एक फंक्शन नीट लिहा आणि सगळीकडे तेच वापरा." ज्ञानेशला वाटलं, आपलं तर घरी तयारच आहे! त्यानं ते उचललं, आग्रहासकट सगळ्या प्रोग्रामांना जोडलं आणि काल संध्याकाळी गिऱ्हाइकांना पाठवून दिलं. पाठवण्याआधी तपासलं होतं बरं का. पण प्रत्येक ठिकाणी बहाद्दरानं 'हो' लिहून बघितलं. 'नको' लिहायचं त्याला सुचलंच नाही.

भिमाजींचा फोन ठेवतो न ठेवतो, तोच दत्तू टेलरचा आला. "अहो, 'आणखी खिसा?'ला नको लिहिलं, तर पावतीवर अर्धा खिसा छापून आला. अर्धा खिसा शिवू कसा, ते तरी सांगा!"

पाठोपाठ वणीला यात्रेकरू नेणाऱ्या आशाताई. "मी एक बस मागवली होती. दारात दोन उभ्या आहेत! दुसरा ड्रायव्हर म्हणतो, अर्धी बस येत नसते, म्हणून आख्खी आणली."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ज्ञानेश मॅडमसमोर उभा राहिला आणि त्यानं पोळ्यांपासून बसपर्यंत सगळं सांगून टाकलं. मॅडमना हसावं की ओरडावं ते कळेना.

"म्हणजे आता सगळे प्रोग्राम दुरुस्त करत बसायचं?"

"नाही मॅडम. फंक्शन एकच आहे. ते सुधारलं की सगळे सुधारतील."

त्यानं आग्रहाच्या ओळी काढल्या, या वेळी प्रत्येक ठिकाणी 'नको' लिहून बघितलं आणि नवी फाईल सगळीकडे पाठवली. भिमाजींच्या ऑर्डरी कालच्या कॉपीतून परत आणल्या. आशाताईंची जादा बस मॅडमनी गोड बोलून परत पाठवली. दुपारी भिमाजींचा पुन्हा फोन आला.

"आता गुमान ऐकतंय. नको म्हनलं की गप. पर साहेब, जरा तुसडं झालंय बघा."

संध्याकाळी मॅडमनी ज्ञानेशला बोलावलं.

"चूक मोठी होती," मॅडम म्हणाल्या, "पण एकाच जागी होती, म्हणून दुपारच्या आत निस्तरली. आणि तू लपवली नाहीस. तुला कायम करायचं ठरलंय. हे पत्र. घेतोस ना?"

ज्ञानेशला आनंदानं ओरडावंसं वाटलं. पण मोठ्या माणसानं काही पुढे केलं की लगेच हात पसरायचा नसतो, हे वळण आईनं लहानपणापासून लावलेलं.

"नको हो मॅडम, इतकं कशाला!" तो लाजत म्हणाला. "मी तर एवढा घोळ घातला..."

"बरं," म्हणून मॅडमनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, पर्स उचलली आणि दिवा बंद केला.

ज्ञानेश अंधारात हसऱ्या चेहऱ्यानं दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत उभा होता. मॅडमच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत गेला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो धावत सुटला.

"मॅडम! अहो मॅडम! अजून एकदा विचारा ना!"