गोजराबाईच्या खाचराचा ठराव

सकाळी साडेसात वाजता जासईच्या ‘पाम मेडोज’ सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरतांच्या टीव्हीवर कॅनडातल्या एका गावाची सभा भरली होती. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. गोटीरामकाकांची धाकटी लेक प्रिया त्या गावात दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि आज ती भर सभेत बोलणार होती. लिंक पाठवतानाच तिने बजावलं होतं, "बाबा, फक्त बघायचं. काही दाबायचं नाही."

लिंक उघडून द्यायला शेजारची संघप्रिया आली होती. ती बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात नोकरीला, सोसायटीच्या कमिटीवर आणि इंग्रजीत पक्की. तिने काकांचा मोबाइल टीव्हीला जोडून परत त्यांच्या हातात दिला आणि सगुणाकाकूंनी दिलेला चहा घेऊन भाषांतराला बसली.

"इषय काय हाय?" काकांनी विचारलं.

"गावाच्या पाण्यात फ्लोराइड घालायचं की नाही. पोरांचे दात किडतात ना, म्हणून."

"दातासाठी येवढा गाव जमलाय?" काका गार पडले. त्यांच्या ओळखीच्या सगळ्या सभा रस्ता, मोबदला नाहीतर मारामारीसाठी झाल्या होत्या.

इतक्यात पडद्यावर पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई उठल्या आणि कागदावरून काहीतरी वाचू लागल्या. सगळी सभा चिडीचूप झाली. संघप्रिया हळू आवाजात सांगू लागली, "त्या म्हणतायत, आपण बसलोय ती जमीन इथल्या मूळ लोकांची आहे. त्यांनी ती कधी कुणाला देऊन टाकलेली नाही. ते आजही इथेच आहेत. आपण आधी त्यांचे आभार मानू, मग सभा सुरू करू."

"परत सांग," काका म्हणाले.

तिने परत सांगितलं. काकांचा चहा तसाच राहिला. "आनि ह्ये कोन बोलतंय? जमीन घेनारे?"

"हो. तिकडे प्रत्येक सभेच्या आधी वाचतात."

काकांच्या अंगावर काटा आला. कारण ‘पाम मेडोज’ जिथे उभी होती, तिथे त्यांच्या आईचं, गोजराबाईचं, भाताचं खाचर होतं. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून तिने डोक्यावरून चिखल वाहून बांध घातले होते. पुढे जमीन संपादनात गेली, प्लॉट पडले, इमारत झाली. काकांनी हट्टाने त्याच इमारतीत फ्लॅट घेतला. राहायला येऊन अकरा वर्षं झाली, पण इथे आधी काय होतं असं एका माणसाने त्यांना विचारलं नव्हतं. आणि तिकडे साता समुद्रापलीकडे लोक आपणहून सांगत होते!

मोबाइलवर खाली एक पिवळा हात दिसत होता, आशीर्वाद द्यावा तसा वर केलेला. काकांना वाटलं, नमस्कार करायची सोय असणार. देवळात घंटा ठेवतात, तसा यांनी हात ठेवलाय. त्यांनी भक्तिभावाने तो दाबला आणि मोबाइल कपाळाला लावला.

मग वाद सुरू झाला आणि काका बघतच राहिले. एक बाई म्हणाल्या, पोरांना औषध काय द्यायचं ते आईबाप ठरवतील, नळ नाही ठरवणार. प्रिया उठली आणि किडलेल्या दातांचे आकडे घडाघडा बोलली. सगुणाकाकूंनी टीव्हीवरूनच तिची दृष्ट काढली. मग लाल टोपीवाले एक आजोबा उठले आणि त्यांनी विषयच फिरवला. आधी ते जमिनीचं वाचन बंद करा, म्हणाले, पणजोबांनी केलं त्याची माफी मी का मागू? त्यावर एक तरुण मुलगी रडवेली झाली. दात बाजूला राहिले आणि जमीन, इतिहास, लस, शाळेतली पुस्तकं, सगळं एकदम बाहेर आलं. पण प्रत्येकाला दोनच मिनिटं मिळत होती. घंटी वाजली की माणूस अर्ध्या वाक्यात ‘थँक यू’ म्हणून खाली बसायचा.

"येवढी भांडतान," काका थक्क होऊन म्हणाले, "पन खुर्ची कोनी उचलत नाय!"

तेवढ्यात अध्यक्षबाई कागदात बघत काहीतरी म्हणाल्या. संघप्रिया कप ठेवून उठलीच. "काका, तुमचं नाव घेतलं! तुम्ही बोलायला हात वर केलाय म्हणतायत!"

पडद्यावर प्रियाने कपाळाला हात लावला. तिने उठून सांगितलं, की हे माझे बाबा आहेत, भारतातून बघतायत, चुकून दाबलं असेल. अध्यक्षबाई हसल्या. हात वर केलाय तर दोन मिनिटं त्यांचीच, म्हणाल्या.

"पळा आता," सगुणाकाकू म्हणाल्या, पण त्या कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही.

काका उभे राहिले आणि पॅन्ट वर ओढून बोलले. "आमचा सात माळ्यांचा बिल्डिंग हाय, त्ये माजे आयचे खाचरावर हाय. गोजरा तिचा नाव. अकरा वर्सात कोनी तिचा नाव घेतला नाय. तुमी घेता. तुमी पान्यात काय बी घाला, नायतर नका घालू. पन टोपीवाले बाबा, त्ये वाचन बंद करू नका. माफी नको मागू, फकस्त नाव घे. नाव घ्यायला काय लागतंय?"

संघप्रियाने जीव ओतून भाषांतर केलं. घंटी वाजली आणि काका झटक्यात खाली बसले. गावच्या कुठल्याही सभेत ते अर्ध्या तासाच्या आत थांबल्याचं काकूंना आठवत नव्हतं. पडद्यावर टोपीवाल्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. शेवटी फ्लोराइडचा निर्णय आणखी एक अहवाल येईपर्यंत पुढे ढकलला गेला.

"ह्ये मातर आपल्यासारखंच हाय," काका म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलं.

संघप्रियाने सभेच्या व्हिडिओतला काकांच्या भाषणाचा तुकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सेक्रेटरी अरविंद जगदाळे धावतच वर आले. "काका, आपली सोसायटी कॅनडात! अभिमान वाटला बुवा!"

"मग रयवारी आपले मीटिंगला बी त्ये वाचा," काका म्हणाले.

जगदाळ्यांचा अभिमान तिथल्या तिथे उतरला. "तसं नाही होत काका. आज नाव वाचलं, उद्या तुम्ही पार्किंग मागाल."

पण रविवारी मीटिंगला सगळे आले, कारण सगळ्यांनी तो तुकडा पाहिला होता. संघप्रियाने घंटी मागवली आणि सगुणाकाकूंनी देवघरातली आणून दिली. प्रत्येकाला दोन मिनिटं. पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, कर्ज मी फेडतोय, म्हणजे जमीन माझी. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आमचं गाव धरणात गेलं, आमचं नाव कोण घेणार? त्यावर मात्र कोणी घंटी वाजवायला धजलं नाही. मग कोणी मांसाहार काढला, कोणी कुत्री काढली, कोणी भाडेकरू काढले. आवाज चढले, पण घंटी वाजली की माणूस खाली बसत होता. काका भारावून बघत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर जासईचा कॅनडा झाला होता.

गोजराबाईचं नाव वाचायचा ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. पण जगदाळे काही कच्चे नव्हते. मसुदा त्यांनी स्वतः लिहिला आणि उभं राहून वाचला, "सदर इमारत ही मौजे जासई येथील गोजराबाई घरत यांच्या भाताच्या खाचरावर, त्यातील बांध व पाणी यांसह, उभी असून सोसायटी त्याची कृतज्ञतापूर्वक नोंद घेत आहे."

आईचं नाव कानावर पडलं आणि काकांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्यांनी डोळे पुसत सही केली.

दोन आठवड्यांनी मोठ्या उधाणाच्या दिवशी पाऊसही जोरात लागला आणि दरवर्षीसारखं इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरलं. दरवर्षी जगदाळे पंप मागवायचे. यंदा ते रजिस्टर घेऊन काकांच्या दारात आले.

"काका, ठराव वाचा. बांध व पाणी यांसह. खाचर तुमचं, तर पाणीही तुमचंच. सही आहे तुमची."

संघप्रिया मागे होती. ती चिडून लाल झाली. "ही चीटिंग आहे हां, जगदाळेकाका!"

काकूही तोंडाचा पट्टा सोडणार होत्या. पण काका रजिस्टरकडे बघतच राहिले. मग त्यांनी ओहोटीची वेळ काढायला कॅलेंडरवर तिथी पाहिली, माळ्यावरून जुनं फावडं काढलं आणि खाली उतरले. मागे अख्खी कमिटी पॅन्ट दुमडून निघाली.

मागच्या भिंतीशी बिल्डरने शोभेचे दगड रचले होते. काकांनी ते बाजूला केले, दोन हात खणलं, आणि खाली काळ्या दगडांनी बांधलेलं एक तोंड दिसू लागलं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि सिमेंटचे गोळे गच्च बसले होते.

"हे काय आहे?" जगदाळ्यांनी विचारलं.

"उघाडी. ओहोटी लागली का शेतातला पानी हितून खाडीत जातंय, पन दर उधानाला गाळ काढावा लागतंय. माजे आयनी बांधलीय. जरा थांबा, ओहोटी लागंल आता."

सगळे पावसात थांबले. वीस मिनिटांनी काकांनी शेवटची पिशवी ओढली. आधी बुडबुडे आले, मग घशातून यावा तसा मोठा आवाज आला आणि पाणी हलायला लागलं. बघता बघता गाड्यांची चाकं दिसली, मग जमिनीवरचे पिवळे पट्टे. कोणी मोबाइल काढला नाही. अकरा वर्षं पंपाने जे जमलं नव्हतं, ते कधीच न पाहिलेल्या एका बाईने लावलेले चार दगड करत होते. सगळे तोंडात बोट घालून बघत होते. पाचव्या मजल्यावरच्यांनी तर हातच जोडले.

मग जगदाळ्यांनी काखेतलं रजिस्टर काढून छत्रीखाली धरलं आणि कोणी सांगितलं नसताना तो ठराव पहिल्यापासून परत वाचला. या खेपेला गोजराबाईंच्या नावाशी त्यांचा आवाज जरा अडखळला.

काकांनी हे सगळं प्रियाला कळवलं. तिकडचा अहवाल अजून यायचा आहे.

तेव्हापासून उधाण आलं, की बाहेर कुठेही असले तरी काकांचा फोन वाजतो. वॉचमनचा, संघप्रियाचा, कधी खुद्द जगदाळ्यांचा. सगळे एकच सांगतात, "काका, लवकर या, तुमच्या शेतात पाणी शिरलंय."

आणि काका पुढ्यातलं ताट सरकवून फावडं घ्यायला उठतात.